आडव्यात सैल, उभ्यात घट्ट: खेळण्यातल्या रस्त्याच्या एका जोडाचं प्रकरण

एका खेळघरात डाय-कास्ट गाड्यांसाठी जोडता-सोडता येणारा प्लास्टिकचा रस्ता होता. थ्री-डी प्रिंटरवर छापलेला, आराखडा आधी दुसऱ्याच कुणीतरी करून दिलेला. खेळघर चालवणाऱ्या ताईंचं म्हणणं असं, की मुलं हौसेनं रस्ता मांडायला बसतात, गाडी सोडतात आणि थोड्याच वेळात रस्ता तसाच टाकून गाड्या नुसत्या फरशीवर पळवायला लागतात. शिवाय तुकडे मोडतात. तर चांगल्या प्रिंटरवर, जरा भारी प्लास्टिकमध्ये तेच तुकडे पुन्हा छापून मिळतील का, असं त्यांनी आम्हाला विचारलं.

छापून देणं सोपं होतं. पण मूल खेळ टाकून उठतं तेव्हा ते छपाईच्या दर्जावर सहसा रुसलेलं नसतं. त्यामुळे आधी डबा उपसायचा, मोडके तुकडे वेगळे काढायचे आणि मुलं खेळत असताना गुपचूप बाजूला बसायचं, असं ठरलं. पुढे जे काही बदललं ते जवळजवळ सगळं दोन तुकड्यांमधल्या जोडाभोवती फिरतं, म्हणून इथे जोडालाच जास्त जागा दिली आहे.

डब्यात काय होतं

गाड्या १:६४ च्या आसपासच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या, मुठीत मावणाऱ्या. लांबी साधारण ७५ मिमी, रुंदी ३०, पुढच्या-मागच्या आसांत ४५ मिमी अंतर, चाकाचा व्यास सुमारे १० आणि पोटाखाली जेमतेम २ मिमी मोकळी जागा. रस्त्याला दोन्ही कडांना बुटक्या भिंती. सरळ तुकडा एकाच मापाचा, १८० मिमी. वळणाचा तुकडा ४५ अंशांचा, मधल्या रेषेची त्रिज्या १६० मिमी. आठ जोडले की वर्तुळ. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला गोल डोक्याची जीभ आणि दुसऱ्या टोकाला तिची खाच. जीभ वरून खाली खाचेत बसवायची. जीभ आणि खाच यांच्यात बाजूला फक्त ०.१ मिमी मोकळीक, त्यामुळे काही जोड बसवायला मोठ्या माणसाचा अंगठा लागायचा.

मोडके तुकडे रांगेनं मांडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती अशी: मोडलेले जवळपास सगळे सरळ तुकडे होते. वळणांच्या जिभा शाबूत होत्या. जोड तोच, प्लास्टिक तेच, हाताळणीही तीच. मग फरक कशाचा? तुटलेली जागा भिंगाखाली धरली तर ती सपाट, गुळगुळीत आणि जिभेच्या मानेला बरोबर आडवी. याचा अर्थ सरळ तुकडे प्रिंटरवर उभे करून छापले होते. उभे केले की एका वेळी जास्त तुकडे मावतात आणि रस्त्याचा पृष्ठभागही गुळगुळीत येतो. पण मग थर जिभेला आडवे पडतात, आणि छापलेल्या प्लास्टिकचा कमकुवतपणा दोन थरांच्या मधल्या चिकटण्यातच असतो. वळणाचा तुकडा उभा राहत नाही, म्हणून तो आडवा छापला गेला आणि त्याची जीभ वाचली. प्लास्टिक कितीही भारी घेतलं असतं तरी उभ्या छपाईत ती मान तिथेच गेली असती.

तुटलेली जीभ ही नुसती दुरुस्तीची बाब नव्हती. खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या आयएसओ ८१२४-१ या मानकात लहान तुकड्यांसाठी एक नळकांडं सांगितलं आहे: आतला व्यास ३१.७ मिमी, आणि तळ तिरका, म्हणून खोली एका बाजूला २५.४ तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला जो तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकण्याजोगा धरतात. अख्खा रस्त्याचा तुकडा त्यात मावत नाही; तुटलेली जीभ आरामात मावते. खेळघरात मोठ्या मुलांबरोबर धाकटी भावंडं रांगत असतात, हे लक्षात घेतलं तर हा एकच मुद्दा जोड बदलायला पुरेसा होता.

मुलं कुठे थांबतात

मुलांच्या शेजारी बसल्यावर तुटण्यापेक्षा वेगळ्याच अडचणी पुढे आल्या. एक मुलगा वळण जोडायला गेला, जीभ खाचेत बसली, पण रस्ता हवा त्याच्या उलट बाजूला वळला. त्यानं तुकडा फिरवून पाहिला, तर आता जिभेसमोर जीभ आली. उलटा करून पाहिला, तर भिंती जमिनीकडे आणि पाठ वर. शेवटी त्यानं डब्यातून दुसरं वळण काढलं. तेही तसंच निघालं.

कारण साधं आहे. लाकडी आगगाडीच्या रुळांना बरेचदा दोन्ही अंगांना खाचा असतात, म्हणून तेच वळण पालथं घातलं की डावीचं उजवीकडे होतं. ब्रिओ या स्वीडिश खेळणी कंपनीची लाकडी रेल्वे १९५८ पासून अशाच जीभ-खाचेच्या जोडावर चालत आली आहे. पण भिंतींच्या रस्त्याला पालथं घालता येत नाही. एकाच अंगाचा रस्ता आणि टोकं नर-मादी, असं झालं की डावं वळण आणि उजवं वळण हे दोन वेगळे तुकडे होतात. डब्यात दोन्ही होते, दिसायला जुळ्यासारखे.

दुसरी अडचण रस्ता पूर्ण करण्याची. मुलांना चौकोनी रस्त्याचा एक कोपरा छाटून तिरका घ्यायला फार आवडतं: ४५ अंशांचं वळण, मधे एक सरळ, पुन्हा ४५ अंशांचं वळण. तिरका पडलेला १८० मिमीचा तुकडा पुढे आणि बाजूला प्रत्येकी १२७ मिमीच सरकतो. समोरच्या बाजूंना मात्र १८० चा सरळ तुकडा. म्हणजे शेवटी ५३ मिमीची फट उरते आणि ती भरेल असा तुकडा डब्यात नाही.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची अडचण म्हणजे गाडी चालतच नव्हती. उतारावरून सुटलेली गाडी तिसऱ्या-चौथ्या जोडाला खडखडत दम तोडायची. "दादा, रस्ताच तिला धरतो," असं एका मुलीनं सांगितलं, आणि तिचं निदान बरोबर होतं.

फट आणि पायरी

जुना आराखडा करणाऱ्यानं जोड घट्ट ठेवला होता तो याच समजुतीनं, की घट्ट जोड म्हणजे सलग रस्ता. दोन तुकड्यांमध्ये फट दिसू नये हा त्याचा हट्ट. पण चाकाला फट कितपत जाणवते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

५ मिमी त्रिज्येचं चाक १ मिमी रुंद फटीवरून जातं तेव्हा ते किती खाली बुडतं? फटीच्या रुंदीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट: १ ÷ ४० म्हणजे ०.०२५ मिमी. कागदाच्या जाडीहूनही कमी. फट दुप्पट, २ मिमी झाली तरी बुडणं ०.१ मिमी. आता पायरी घ्या. एक तुकडा शेजाऱ्यापेक्षा ०.४ मिमी उंच राहिला आणि चाक त्या कडेवर आपटलं. गाडीचं वजन आसाच्या उंचीला एकवटलं आहे आणि धडक मेलेली आहे, म्हणजे उसळी नाही, असं धरलं तर वेग उरतो तो १ वजा पायरी भागिले त्रिज्या इतका. ०.४ ÷ ५ म्हणजे ८ टक्के वेग गेला. ऊर्जेच्या भाषेत जवळपास १५ टक्के. अशा चढत्या पाच पायऱ्या ओलांडल्या की सुरुवातीची निम्म्याहून अधिक ऊर्जा संपली. हा अंदाजापुरता हिशेब आहे, खरी गाडी थोडी उसळते, थोडी लवते, पण प्रमाण कळायला तो पुरतो.

थोडक्यात, १ मिमीची आडवी फट चाकाच्या खिजगणतीत नाही आणि ०.४ मिमीची उभी पायरी गाडी थांबवते. जुन्या जोडात नेमकं उलट घडलं होतं: आडवी मोकळीक ०.१ वर आणली होती आणि उभ्या दिशेला काहीच बंधन नव्हतं. जीभ वरून खाचेत टाकायची, त्यामुळे ती त्याच वाटेनं वर उचललीही जायची. कठीण, सपाट टेबलावर हे खपून जातं. खेळघरात फोमची मॅट होती. मूल एका तुकड्याजवळ गुडघा टेकतं, मॅट दबते, तो तुकडा खाली जातो, शेजारचा वर राहतो. व्हर्निअर या बारीक मापाच्या मोजपट्टीनं काही जोडांवर अर्ध्या मिमीच्या आसपास पायरी मोजली गेली, तीही मूल शेजारी नसताना.

तेव्हा नव्या जोडाचं उद्दिष्ट एका ओळीत मांडता आलं: आडव्या पातळीत मुद्दाम सैल, उभ्या दिशेत घट्ट. सैलपणा हा छपाईतला दोष म्हणून सहन करायचा नाही. तो मापात धरायचा, कारण पुढे रस्ता पूर्ण करताना त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं आहे.

दोन, पाच, सात

४५ अंशांच्या रस्त्यात २ चं वर्गमूळ घुसतंच. काटकोनी वळणात तुकडा त्रिज्येइतका पुढे आणि तितकाच बाजूला जातो. तिरक्या चालीत १.४१४ नं भागावं लागतं. १.४१४… ही संख्या कुठल्याही अपूर्णांकात नेमकी बसत नाही, त्यामुळे तुकड्यांची मापं कशीही निवडली तरी तिरका आणि सरळ रस्ता शंभर टक्के जुळणार नाही. मग निवडायचं ते एवढंच, की चूक कुठे आणि किती राहू द्यायची.

७ भागिले ५ म्हणजे १.४. वर्गमुळाच्या एक टक्का जवळ. १७ भागिले १२ त्याहून पुष्कळ जवळ, १.४१६७, पण त्यासाठी एकक फार बारीक करावं लागतं आणि तुकड्यांच्या मापांची जत्रा भरते. म्हणून ७ आणि ५ वर थांबलो. एकक २० मिमी धरलं. वळणाची त्रिज्या सात एककं, १४० मिमी. मग ४५ अंशांचं वळण पुढे ९९ मिमी जातं, म्हणजे पाच एककांना १ मिमी कमी. आणि बाजूला ४१ मिमी, म्हणजे दोन एककांना १ मिमी जास्त. सरळ तुकडे यातूनच आपोआप ठरले: ४०, १०० आणि १४०. दोन, पाच, सात. दोन आणि पाच मिळून सात. १४० चा तुकडा तिरका टाकला की तो पुन्हा ९९ मिमीवर, म्हणजे पाच एककांच्या जवळ येऊन पडतो.

मुलांचा तो छाटलेला कोपरा आता असा जुळतो: दोन वळणांचे मिळून १४० आणि तिरक्या तुकड्याचे ९९, एकूण २३९. समोरच्या बाजूला काटकोनी वळणाचे १४० आणि १०० चा सरळ, एकूण २४०. फरक १ मिमीचा, आणि तो वाटून घ्यायला रस्त्यात डझनभर जोड असतात. इंग्रजी एस आकाराच्या दोन उलटसुलट वळणांनी रस्ता ८२ मिमी बाजूला सरकतो. समांतर रस्त्यासाठी चार एककं म्हणजे ८० हवेत. तिथेही २ मिमी जोडच गिळतात.

असा हिशेब करणारे आम्ही पहिले नाही. लाकडी रुळांच्या जगात २१६, १४४, १०८ आणि ५४ मिमी ही मापं रुळली आहेत. २१६ आणि १०८ हे ५४ च्या पटीत बसतात. १४४ बसत नाही, ते मधेच कुठून आल्यासारखं वाटतं. पण मोठ्या वळणाची मधली त्रिज्या सुमारे २०२ मिमी आहे, आणि २०२ भागिले १.४१४ म्हणजे १४३ च्या आत-बाहेर. तो १४४ चा तुकडा वळणाच्या पुढच्या सरकण्याशी जुळतो, आणि उरलेला मिलिमीटरभर फरक तिथेही खाचेतल्या सैलपणावर सोडलेला आहे.

१४० मिमी त्रिज्येवर गाडी मावते का, हेही पाहावं लागलं. वळणात ७५ मिमी लांबीच्या गाडीचा मधला भाग आतल्या भिंतीकडे आणि दोन्ही टोकं बाहेरच्या भिंतीकडे जातात. लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे ५ मिमी. गाडीची ३० रुंदी आणि हे ५, असे ३५ लागतातच. भिंतींमधली जागा ४० ठेवली. फार रुंद केली तर गाडी तिरकी होऊन अडकते, म्हणून ४५ चा मोह टाळला.

दोन्ही टोकं सारखी

नर-मादी काढून टाकायची तर दोन वाटा दिसतात. एक म्हणजे सगळ्या टोकांना खाचच ठेवायची आणि मधे वेगळी जोडपट्टी सरकवायची. हॉट व्हील्सचा, १९६८ पासूनचा, नारिंगी ट्रॅक अशा पट्टीनं जोडतात. लांब, लवचीक ट्रॅकला ती पद्धत छान जुळते. पण अनेक मुलांच्या सामायिक डब्यात सुटी पट्टी टिकवणं अवघड, आणि ती लहान तुकडा होऊ नये याची वेगळी काळजी आली. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक टोकाला जीभही आणि खाचही. लेगोच्या रेल्वे रुळांची दोन्ही टोकं अशी एकसारखी असतात, कुठलंही टोक कुठल्याही टोकाला लागतं. आम्ही दुसरी वाट धरली.

टोकाकडे तोंड करून पाहिलं तर मधल्या रेषेच्या उजवीकडे १२ मिमीवर जीभ, डावीकडे तितक्याच अंतरावर खाच. तुकडा अर्धा फेरा फिरवला तरी चित्र तेच राहतं. याचा पहिला फायदा: डावं वळण आणि उजवं वळण हा भेद मिटला. एकच वळण, कुठल्या टोकानं जोडता त्यावर डावं की उजवं ते ठरतं. डब्यातले तुकड्यांचे प्रकार कमी झाले आणि "हे वळण चुकीचं" हा प्रकार बंद झाला.

दुसरा फायदा मांडणी करताना हळूहळू लक्षात आला, आणि माझ्या मते अख्ख्या आराखड्यातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. रस्त्याची जाडी ५ मिमी. जीभ खालच्या २.८ मिमीत, तिच्यावर शेजाऱ्याचं २ मिमीचं छत, मधे ०.२ ची मोकळीक. खाच खालून उघडी, तिला तळ नाही. एकेरी जीभ असती तर असा जोड उभ्या दिशेत अर्धाच बांधला गेला असता. पण इथे माझी जीभ तुझ्या छताखाली आणि तुझी जीभ माझ्या छताखाली. माझ्या जिभेमुळे मला वर जाता येत नाही, तुझ्या जिभेमुळे तुला. दोघे एकमेकांना दाबून धरतात आणि तळाची गरजच उरत नाही. तळ नाही म्हणून खाच बिनआधाराची छापता येते. उद्या इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचा, साचा करायचा झाला तरी तो सरळ वर-खाली उघडेल, बाजूनं सरकणारे भाग लागणार नाहीत.

जीभ सगळीकडे सारख्या जाडीची ठेवली असती तर ती अडकली असती. छत छापताना प्रिंटर हवेत धागा ओढतो आणि तो किंचित लोंबतो, ०.२ ची मोकळीक त्यात संपू शकते. म्हणून जिभेचं टोक २.२ आणि बुडखा २.८ असा पाचरीचा आकार दिला. आत शिरताना ऐसपैस, पूर्ण बसल्यावर घट्ट. थर ०.२ मिमीचे असल्यामुळे ही पाचर प्रत्यक्षात चार पायऱ्यांची होते, पण हाताला ते कळत नाही.

आडव्या दिशेत मात्र हात सैल सोडला. १४ मिमी रुंद जिभेला १४.८ ची खाच, म्हणजे दोन्ही बाजूंना ०.४. पुढे-मागे सरकायला ०.५. दोन जिभांच्या मधलं अंतर २४, त्यामुळे एक बाजू पूर्ण आत आणि दुसरी पूर्ण बाहेर गेली तर जोड सव्वा अंशानं वळतो. बारा जोडांच्या रस्त्यात हा सैलपणा साठत जातो आणि १-२ मिमीच्या चुका कुठे जिरल्या ते शोधूनही सापडत नाही.

हा सैलपणा शेवटच्या जोडालाही कामी आला. नवा जोड आडवा सरकवायचा आहे, त्यामुळे पूर्ण झालेल्या रस्त्यात शेवटचा तुकडा वरून टाकता येत नाही, ही शंका पहिल्यापासून होती. मुलांनी ती फार न बोलता सोडवली. शेवटचा तुकडा एका टोकाला लावायचा, मग रस्त्याचा एक हात जरा बाहेर फाकवायचा आणि परत आणून टक् करून बसवायचा. जीभ १२ मिमीची; अर्धा मीटर लांब हात दीड अंशाहूनही कमी फाकवला की पुरतो, आणि तेवढी लवचीकता त्याच्या चार-पाच जोडांत असतेच.

तो "टक्" जिभेच्या दोन बोटांमधून येतो. जीभ मधोमध चिरून दोन बोटं केली आहेत. प्रत्येक बोट २ मिमी जाड, १२ मिमी लांब, बाहेरच्या अंगाला छोटी नखी. बसताना बोट ०.५ मिमी आत दबतं. अशा बोटावरचा ताण काढायचं सूत्र सोपं आहे: दीड गुणिले जाडी गुणिले दबणं, भागिले लांबीचा वर्ग. १.५ × २ × ०.५ ÷ १४४, म्हणजे साधारण १ टक्का. हेच बोट ६ मिमीचं केलं तर ताण चौपट, ४ टक्क्यांवर जातो, आणि पीएलए, म्हणजे थ्री-डी छपाईतलं नेहमीचं प्लास्टिक, तेवढ्यावर वारंवार टिकत नाही. लांबीचा वर्ग भागाकारात असल्यामुळे बोट जाड करून भक्कम करण्यापेक्षा लांब करून मवाळ करणं केव्हाही फायद्याचं. छोटी, जाड नखी हातात भरभक्कम वाटते आणि तीच आधी मोडते.

छपाई

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. सगळे तुकडे आडवे, रस्ता वर. पीएलए ऐवजी पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक घेतलं: ते जरा लवतं, आणि पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं तसं पीईटीजीचं सुमारे ८० पर्यंत होत नाही. सगळ्यांत खालचा थर प्रिंटरच्या काचेवर दबून बाहेर फुगतो, जिभेच्या तळाला दोन-तीन दशांश मिमीची झालर येते आणि आपण राखलेली मोकळीक तिथेच खर्ची पडते. त्यासाठी तळाच्या सगळ्या कडा ०.४ मिमी तिरप्या कापल्या. रस्त्याच्या पृष्ठभागाची टोकाची कडाही किंचित उतरती केली, दोन्ही टोकांना, कारण गाडी कुठल्या बाजूनं येईल हे रस्त्याला ठाऊक नसतं. उरलीसुरली ०.२ ची पायरी मग कडेवर आपटण्याऐवजी चढावर येते.

पूर्ण संच छापण्याआधी प्रत्येक प्रिंटरवर फक्त दोन टोकं छापून बघायची, ३० मिमी लांबीची. हाताला सैल वाटतील, आणि आराखडा न वाचलेला माणूस लगेच मोकळीक कमी करायला धावेल. त्याला थांबवायचं. ही चाचणीची टोकं मात्र काम झाल्यावर लगेच बाजूला काढावीत. तेवढा तुकडा त्या नळकांड्यात जाण्याच्या बेताचा असतो.

उतार, पूल आणि फाटा

उताराचा तुकडा १४० मिमीत २० मिमी चढतो, म्हणजे आठ अंशांचा चढ. सपाट आणि चढ यांची भेट टोकदार ठेवली तर माथ्यावर गाडीचं पोट आणि कडा यांत ४५ मिमीच्या दोन आसांमधोमध १.६ मिमी खर्च होतात. हाताशी जेमतेम २ आहेत, आणि बसकी गाडी तेवढ्यातच घासते. म्हणून माथ्याला गोलाई दिली.

पुलावर या जोडाची एक मर्यादा उघडी पडली. दोघे एकमेकांना दाबून धरतात ते उजवी बाजू वर आणि डावी खाली अशा पिळाला. उलट्या पिळाला, म्हणजे उजवी खाली आणि डावी वर, जोडात काहीच अडवणारं नाही. जमिनीवर हा दोष नाही, उलट सोय आहे: तुकडा ओढून निघत नाही, पण एका बाजूला पिळला की अलगद सुटतो, आणि लहान मुलांनाही ते जमतं. हवेत मात्र खाली जमीन नसते. पुलाच्या मधल्या जोडावर मुलानं कोपर टेकलं तर चुकीच्या बाजूला पडलेला भार जोड उकलतो. यावर उपाय म्हणून पुलाचे खांब तुकड्याच्या मध्याखाली न ठेवता जोडाखाली आणले आणि खांबाचा माथा रस्त्याच्या पूर्ण रुंदीइतका केला. एका खांबावर दोन तुकड्यांची टोकं बसतात, आणि हरवलेली जमीन तिथे परत मिळते.

नव्या रस्त्यावर, त्याच फोमच्या मॅटवर, उतारावरून सुटलेली गाडी छाटलेल्या कोपऱ्यासकट फेरी पूर्ण करते. हलक्या, जुनाट आसांच्या काही गाड्या अर्ध्यातच थांबतात आणि त्यांचं खापर रस्त्यावर फोडता येत नाही. जोडांत फटी दिसतात, अगदी लांबूनही. ताईंनी पहिल्या दिवशी त्याबद्दल विचारलं होतं. मुलांपैकी कुणी विचारलं नाही.

फाट्याचा तुकडा अजून अर्धवट आहे. सरळ शाखा १०० मिमीची आणि वळणाची १४० त्रिज्येची, हे दोन-पाच-सातच्या हिशेबात जुळतं: दोन्ही शाखांची टोकं पुढे जवळपास सारख्याच अंतरावर येतात. पण वळणाची शाखा बाजूला फक्त ४१ मिमी सरकते आणि भिंती धरून रस्ता ४६ मिमी रुंद आहे, त्यामुळे दोन शाखांच्या भिंती टोकापाशी एकमेकींत शिरतात आणि तिथल्या जिभा-खाचांना जागा उरत नाही. सरळ शाखा १४० ची केली तर जागा मिळते, पण वळणाच्या शाखेपुढे ४० चा तुकडा तिरका जोडून ती बाहेर काढावी लागते, आणि ४० तिरका टाकला की २८ वर पडतो, जे कुठल्याच एककात बसत नाही. सध्या फाट्यापुरत्या आतल्या भिंती टोकापासून काढून टाकून आणि वळणाची शाखा दोन वळणांइतकी, म्हणजे पूर्ण ९० अंश नेऊन काम भागवलं आहे. समांतर रस्त्यावर उतरणारा ४५ अंशांचा फाटा हवा असेल तर जोडाची रुंदी कमी करावी लागेल, आणि मग जिभांमधलं २४ चं अंतर, पर्यायानं सव्वा अंशाचा सैलपणा, पुन्हा मांडावा लागेल.